पदवीसाठी मुंबई-पुण्याला जायचं का? निकालाआधीच ठरवायच्या गोष्टी

मे महिन्यात बारावीचा निकाल लागतो आणि लातूर, चिपळूण, संगमनेर, यवतमाळमधल्या कितीतरी घरांत एकाच विषयावर बैठका बसतात. टक्के बरे पडलेत, तर पुण्याला पाठवायचं की मुंबईला? जायचं की नाही, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी निघतच नाही. निकाल आणि पहिली गुणवत्ता यादी यांच्यामध्ये फार दिवस नसतात. त्या गडबडीत मोठ्या विद्यापीठाचं नाव बघून अर्ज भरले जातात आणि राहायचं कुठे हे प्रवेश झाल्यावर शोधलं जातं.

हा लेख बीए, बीकॉम, बीएस्सी आणि त्यांच्या आसपासच्या अभ्यासक्रमांपुरता आहे. इंजिनिअरिंग आणि मेडिकलचं गणित वेगळं असतं. माझं म्हणणं इतकंच, की पदवीच्या विद्यार्थ्याला विद्यापीठ मिळत नाही. त्याला एक कॉलेज, एक खोली आणि या दोहोंमधला रोजचा प्रवास मिळतो. या तिन्हींचा हिशेब जमला तर शहर मानवतं. एकही फसला तर विद्यापीठ कितीही नामांकित असो, त्याचा उपयोग होत नाही.

सगळ्यात आधी: विद्यापीठाच्या नावामागे काय आहे

मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं. फोर्टमधला राजाबाई टॉवर आणि कालिन्याचं आवार ही त्याची ओळख. पुणे विद्यापीठ १९४९ सालचं, गणेशखिंडीच्या हिरव्यागार आवारातलं. २०१४ पासून त्याला सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. दोन्ही ठिकाणचे फोटो बघून कोणालाही तिथं शिकावंसं वाटेल. पण या आवारांत चालतं ते प्रामुख्याने पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन. अलीकडे पदवीचे काही अभ्यासक्रम तिथे सुरू झालेत, तरी बीए-बीकॉमचे बहुतेक विद्यार्थी संलग्न कॉलेजांतच शिकतात. कालिन्याला त्यांची फेरी होते ती कागदपत्रांच्या कामासाठी.

मुंबई विद्यापीठाचं कार्यक्षेत्र मुंबईपुरतं नाही. ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हेही त्यात येतात. रत्नागिरीच्या गोगटे-जोगळेकर कॉलेजातून पदवी घेतली तरी प्रमाणपत्रावर नाव मुंबई विद्यापीठाचंच असतं. पुणे विद्यापीठाकडे पुण्याबरोबर अहिल्यानगर आणि नाशिक जिल्हेही आहेत. म्हणजे संगमनेरचा मुलगा गावातल्या कॉलेजात शिकला काय किंवा पुण्यातल्या एखाद्या साध्या संलग्न कॉलेजात शिकला काय, अभ्यासक्रमाचा सांगाडा तोच आणि पदवीही तीच. फक्त ‘विद्यापीठाचं नाव लागावं’ म्हणून घर सोडत असाल, तर ते नाव कदाचित घरबसल्या मिळेल.

उलटही होतं. मुंबईतलं प्रत्येक जुनं कॉलेज मुंबई विद्यापीठाचं आहे, असं आता राहिलेलं नाही. एल्फिन्स्टन आणि सिडनहॅम ही कॉलेजं डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात गेली. के. सी. आणि एच. आर. ही एचएसएनसी विद्यापीठात. यात वाईट काही नाही, पण आई-वडिलांच्या आठवणीतली माहिती जुनी झालेली असते. माहितीपुस्तिकेत पहिल्यांदा शोधायची ओळ ही: पदवी कोणाची मिळणार?

तिसरा प्रकार स्वायत्त कॉलेजांचा. मुंबईचं सेंट झेवियर्स, रुईया, पुण्याचं फर्ग्युसन ही त्यातली ठळक नावं. पदवी विद्यापीठाची असते, पण अभ्यासक्रम, परीक्षा आणि निकाल कॉलेजच्या हातात. निकालाचा मुद्दा हलक्यात घेऊ नका. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या आणि निकाल इतके रखडले, की पुढच्या प्रवेशांसाठी थांबलेल्या विद्यार्थ्यांची फरपट झाली आणि शेवटी कुलगुरूंना पद सोडावं लागलं. लाखो उत्तरपत्रिकांचा कारभार हाकणाऱ्या विद्यापीठात अशी चूक झाली की ती एका वर्गापुरती राहत नाही.

नॅक ही विद्यापीठं-कॉलेजांची गुणवत्ता तपासणारी राष्ट्रीय संस्था. तिचा दर्जा बघताना तो विद्यापीठाचा आहे की कॉलेजचा, हेही तपासा. मुंबई विद्यापीठाला २०२१ साली ए प्लस प्लस मिळालं. तुमच्या कॉलेजचा दर्जा वेगळा ठरतो. जाहिरातींत हे दोन्ही दर्जे बेमालूम शेजारी छापलेले असतात.

पायरी १: शहराकडून नेमकं काय हवंय, ते लिहून काढा

‘एक्स्पोजर मिळेल’ हे कारण नव्हे. ज्याला पत्ता आहे, वार आहे, वेळ आहे, ते कारण.

भौतिकशास्त्र आवडतं म्हणून पुणे हवंय? मग तिथं काय आहे ते बघा. गणेशखिंडीच्या आवारातच आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे, जवळ एनसीएल ही रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आणि आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आहे. आयुकात सर्वसामान्यांसाठी व्याख्यानं होतात आणि पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी सुट्टीतले उपक्रम असतात. मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा ‘नियस’ हा कार्यक्रम पदवीच्या पहिल्या वर्षांतल्या मुलांनाच संशोधनाची चव देतो. यांची निवडप्रक्रिया आतापासून वाचून ठेवणारा विद्यार्थी शहरात जाऊन काहीतरी मिळवेल, असं मी बिनधास्त म्हणेन. मात्र यातले काही कार्यक्रम देशभरातल्या विद्यार्थ्यांना खुले असतात. त्यासाठी त्या शहरात राहावंच लागतं असं नाही.

नाटक करायचंय? मग पुण्याला पर्याय कमी. पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांमधली एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. पुण्यातल्या कॉलेजांत या स्पर्धेची तालीम हे जवळपास वेगळं शिक्षण असतं, आणि त्यात शिरायला कॉलेजच्या संघात असावं लागतं. सीए करायचं असेल तर मुंबईचा विचार व्हायला हवा. तिथली बरीच कॉमर्स कॉलेजं सकाळी सातला भरतात, दुपारपासून दिवस मोकळा मिळतो आणि पुढे आर्टिकलशिपला, म्हणजे सीएच्या हाताखालच्या उमेदवारीला, फर्मही शहरातच सापडते. इतिहास, भाषा यांत रस असेल तर भांडारकर संस्था, एशियाटिक सोसायटी, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय ही नावं तुमच्या यादीत यायला हवीत. पदवीच्या विद्यार्थ्याला तिथं प्रवेश कसा मिळतो, हेही विचारून ठेवा.

स्पर्धा परीक्षांचं मात्र वेगळं. केवळ एमपीएससीसाठी बारावीनंतर लगेच पुण्यात येऊन अभ्यासिकेत जागा धरायची आणि कॉलेज नावापुरतं ठेवायचं, हा बेत मला पटत नाही. पदवीशिवाय राज्यसेवेच्या अंतिम टप्प्यापर्यंत जाता येत नाही, आणि पाया पक्का करायची पुस्तकं गावातही तीच असतात. तिसऱ्या वर्षानंतर या.

यादीत तीन ठोस गोष्टी आल्या नाहीत, तर घाई नको. पदवी जिल्ह्याच्या चांगल्या कॉलेजात करून एमए, एमएस्सीला कालिना किंवा गणेशखिंडीला जाणं हा कमीपणाचा मार्ग नाही. विद्यापीठाचे खरे विभाग, त्यांची ग्रंथालयं आणि संशोधन करणारे प्राध्यापक खऱ्या अर्थाने तेव्हाच भेटतात.

पायरी २: कॉलेजची कसून चौकशी

इथे वेळ घालवा.

कटऑफचा आकडा वाचायची एक रीत आहे. मुंबईत त्याच कॉलेजातून अकरावी-बारावी केलेल्या मुलांना पदवीच्या प्रवेशात प्राधान्य मिळतं. त्याला ‘इनहाउस’ म्हणतात. अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजात त्या समाजासाठी राखीव जागा असतात. हे सगळं वजा केल्यावर बाहेरून येणाऱ्या, खुल्या यादीतल्या मुलासाठी किती जागा उरतात, तो आकडा कार्यालयात विचारा. गेल्या वर्षीच्या पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या यादीचे आकडे बाहेरच्या उमेदवारांसाठी वेगळे काढून घ्या. ८५ टक्क्यांवर ‘नक्की मिळेल’ म्हणणाऱ्या काकांचा भाचा बहुधा इनहाउस असतो.

मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांसाठी आधी विद्यापीठाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते, मग कॉलेजचा अर्ज. नुसता कॉलेजचा फॉर्म भरून वाट बघत बसलेली मुलं दरवर्षी निघतात. बीएमएस, बीबीए, बीसीए यांसाठी २०२४ पासून राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेशपरीक्षा आली. काही कॉलेजांनी तेच विषय बीकॉमच्या वेगळ्या नावाखाली ठेवले, त्यांना सीईटी लागत नाही. म्हणून अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव वाचा, लघुरूपावर जाऊ नका.

तुकडी किती मोठी, हे विचारा. १२० जणांचा वर्ग मोठ्या शहरात नवलाचा नाही. एवढ्या वर्गात प्राध्यापकांना तुमचं नाव माहीत नसेल, आणि त्यात त्यांचा दोष नाही. ट्यूटोरियल होतात का, प्रयोगशाळेत एका टेबलावर किती जण असतात, पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती? शेवटचा प्रश्न कार्यालयात विचारला तर सरळ उत्तर क्वचितच मिळेल. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा, ते लगेच सांगतील.

माध्यमाबद्दल संकोच सोडून बोला. कला आणि वाणिज्य शाखेच्या बऱ्याच विषयांची उत्तरं मराठीत लिहिता येतात, पण वर्गात शिकवणं आणि वाचायची पुस्तकं शहरातल्या मोठ्या कॉलेजांत इंग्रजीतच असतात. स्वायत्त कॉलेजात उत्तराच्या भाषेचा नियम वेगळा असू शकतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिलं सत्र जड जातं, दुसऱ्यापासून बहुतेकांचं जमतं. पण ते सत्र तरून जायला कॉलेजमध्ये काही सोय आहे का, हे आधी कळलं तर बरं.

आणखी एक नवी चौकशी. नव्या शैक्षणिक धोरणामुळे तीन वर्षांनी पदवी किंवा चार वर्षांनी ऑनर्स असे दोन रस्ते झालेत. तुमचा विषय मुख्य म्हणून घेऊन चौथं वर्ष त्याच कॉलेजात होणार का? गौण विषयांची यादी कागदावर लांबलचक असते. प्रत्यक्षात वेळापत्रकात बसणारे पर्याय मोजकेच निघतात. चालू वर्षाचं वेळापत्रक मागा.

पायरी ३: प्रवास आणि खोली

आधी राहायची जागा, मग कॉलेजची पसंती. उलट्या क्रमाने केलं की पहिले दोन महिने नातेवाइकांच्या हॉलमध्ये जातात.

मुंबईत नातेवाईक आहेत म्हणून प्रश्न सुटला असं समजू नका. विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर, कल्याण ते सीएसएमटी सुमारे ५४. सकाळी सातच्या लेक्चरला कल्याणहून साडेपाचच्या आत गाडी पकडावी लागते आणि त्यासाठी सगळ्या घराला उठावं लागतं. साडेदहाचं कॉलेज असेल तर ऐन गर्दीची फास्ट. घराच्या दारापासून वर्गाच्या दारापर्यंत एका बाजूला दीड तासाहून जास्त लागत असेल, तर त्या घरी राहून ते कॉलेज करू नये. ७५ टक्के हजेरीची अट आहे आणि लोकलमध्ये उभ्याने अभ्यास होत नाही. कॉलेजच्या कार्यालयातून फॉर्म घेतला की विद्यार्थी पास सवलतीत निघतो. पैसे वाचतात, झोप वाचत नाही.

पुण्यात अंतरं कमी आहेत, बस आणि आता मेट्रोही आहे. वनाज-रामवाडी मार्गावर गरवारे कॉलेजला आणि डेक्कनला स्थानक आहे. त्यामुळे सदाशिव-नारायण पेठेतच खोली हवी, हा हट्ट सोडता येतो. पेठांतली कॉट बेसिसची, म्हणजे एका कॉटपुरतं भाडं देऊन वाटून घ्यायची, खोली बघताना किती जणांत बाथरूम, पाणी किती वाजता येतं आणि रात्री दार किती वाजता बंद होतं, हे तिथं राहणाऱ्या मुलाला विचारा, मालकाला नव्हे. करार साधारण ११ महिन्यांचा असतो. डिपॉझिट कोणत्या कारणाने कापलं जाईल, ते त्यात लिहून घ्या. मेसचं महिन्याचं कार्ड लगेच काढू नका, आधी आठवडाभर दिवसाच्या दराने जेवा.

कॉलेजचं स्वतःचं वसतिगृह असेल तर त्याचा अर्ज बऱ्याचदा वेगळा असतो आणि यादीही वेगळी लागते. कॉलेजला प्रवेश म्हणजे वसतिगृहाला प्रवेश नव्हे, ही गोष्ट पालकांना जुलैत कळते. ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींसाठी पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समितीची वसतिगृहं १९५५ पासून चालतात. तिथं शिस्त आणि काम दोन्ही असतं, आणि माझ्या मते गावातून पहिल्यांदा आलेल्यासाठी कोणत्याही खासगी खोलीपेक्षा ती जागा सरस आहे. समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागांच्या शासकीय वसतिगृहांचे अर्जही वेळेत भरा.

पायरी ४: पैशांचा हिशेब बारा महिन्यांचा करा

अनुदानित (सरकारी अनुदानावर चालणाऱ्या) तुकडीची फी आणि त्याच कॉलेजातल्या विनाअनुदानित अभ्यासक्रमाची फी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पण बीए-बीकॉमच्या विद्यार्थ्याचा खरा खर्च फीचा नसून राहण्याखाण्याचा असतो. खोली, मेस, प्रवास, फोन, दिवाळी-मे महिन्यात घरी येणं-जाणं, आणि डिपॉझिटची एकरकमी रक्कम. कॉलेज दहा महिने चाललं तरी खोलीचं भाडं बाराही महिने द्यावं लागतं.

शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयं योजना, तर इतर मागास, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी स्वाधारची रक्कम वर्षाला ६० हजार धरलेली आहे, म्हणजे महिना पाच हजार. तेवढ्यात कॉट आणि दोन वेळचं जेवण बसवणं कठीण आहे, आणि पैसे खात्यात पडायला उशीर होतो. निदान एका सत्राचा खर्च हाताशी ठेवूनच निघा. अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. प्रत्येक योजनेत अभ्यासक्रम, उत्पन्न आणि गुणांच्या अटी असतात, त्या अर्जाआधी वाचा. २०२४ मध्ये जाहीर झालेली मुलींची शंभर टक्के शुल्कमाफी व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे; साध्या बीए-बीएस्सीला ती लागू धरून बजेट करू नका.

पायरी ५: विद्यार्थ्याची चाचणी

मोठ्या कॉलेजात कोणी मागे लागत नाही. नोटीस फलकावर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर पडते आणि मुदत संपते. हुशारीपेक्षा इथं अनोळखी खिडकीपाशी उभं राहून विचारायची तयारी जास्त उपयोगी पडते.

ती आहे का, हे घरीच बघता येतं. डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर ही कामं मुलाला किंवा मुलीला एकट्याने करू द्या. तहसील कार्यालयात दोन हेलपाटे घालून, ‘साहेब नाहीत’ ऐकून, तिसऱ्यांदा जाऊन जो दाखला घेऊन येतो, त्याचं मोठ्या शहरात निभतं. विद्यापीठाचा फॉर्मही त्यानेच भरावा. बाबांनी सायबर कॅफेत बसून भरलेला फॉर्म हा बाबांच्या तयारीचा पुरावा आहे.

लाजाळू असणं आड येत नाही. मोठ्या गर्दीत एकलकोंड्या मुलाला आपल्यासारखे चार जण सापडतात, जे गावात सापडले नसते. जातीवरून, गावावरून, एखाद्या मुलीच्या फिरण्यावरून सतत टोकणाऱ्या वस्तीतून बाहेर पडणाऱ्यांसाठी तर शहराचं अनोळखीपण हीच मोठी सुविधा आहे. अशा मुलींच्या बाबतीत मी बाकीचे निकष थोडे सैल ठेवेन. याउलट, ज्याला रोज कोणीतरी अभ्यासाला बसवावं लागतं, किंवा ज्याची तब्येत किंवा मन सध्या सावरतंय, त्याने पहिली दोन-तीन वर्षं घराजवळच्या, शिक्षक नावाने ओळखतात अशा कॉलेजात काढलेली बरी.

पायरी ६: एकदा जाऊन या

मे महिन्यात कॉलेजं ओस असतात, तेव्हा इमारतीच दिसतात. बारावीचा शेवटचा पेपर झाला की लगेच, मार्चमध्ये, कामाच्या दिवशी जा. पदवीचे वर्ग तेव्हा सत्राच्या अखेरीस का होईना, चालू असतात. जिथं राहायचा विचार आहे तिथूनच सकाळी निघा आणि लेक्चरच्या वेळेला गेटवर पोहोचा. कँटीनमध्ये बसा, ग्रंथालयात पदवीच्या मुलांना बसायला जागा आहे का ते बघा, कार्यालयाच्या खिडकीवर एखादा साधा प्रश्न विचारा आणि कसं उत्तर मिळतं ते लक्षात ठेवा. बाहेरगावहून आलेल्या दुसऱ्या वर्षाच्या दोन-तीन मुलांना गाठा: आजारी पडलास तेव्हा काय केलंस? पहिल्या सत्रात विषय राहिला का? पुन्हा निवडायचं झालं तर हेच निवडशील का? पालकांनी त्या वेळी जरा लांब उभं राहावं, मुलं खरं बोलतात.

पायरी ७: निर्णय, आणि परतीची वाट

दोन अर्ज शहरात, दोन जिल्ह्यात, असं भरा. जिल्ह्यातला प्रवेश शहराच्या यादीची वाट बघत सोडू नका. ठरलेल्या मुदतीत प्रवेश रद्द केल्यास फी परत करण्याचे यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) नियम आहेत. त्या वर्षीच्या तारखा बघून ठेवा आणि रद्द केल्याची पोच लेखी घ्या. मूळ गुणपत्रिका कॉलेजला ठेवून घेता येत नाहीत. शाळा सोडल्याचा दाखला द्यावा लागतो, त्याच्या प्रती आधी काढा. रॅगिंगचा त्रास झाला तर १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, नंबर मोबाइलमध्ये असू द्या.

जाताना घरात एक तारीख ठरवा: पहिल्या सत्राच्या निकालानंतरचा रविवार. तोवर परत यायचा विषय कोणी काढायचा नाही, आणि त्या दिवशी मात्र मोकळेपणाने काढायचा. पहिल्या महिन्यातलं रडणं हा पुरावा धरू नका, ते बहुतेकांना येतं. हजेरी, निकाल, झोप, खर्च आणि दोन तरी मित्र आहेत का, एवढं बघा. नाहीच जमलं तर वर्ष पूर्ण करूनच परता. मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट्स) ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा राहतात. त्याच विद्यापीठाच्या जिल्ह्यातल्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला बदली घेणं दुसऱ्या विद्यापीठात जाण्यापेक्षा बरंच सोपं जातं, कारण मायग्रेशन आणि पात्रता प्रमाणपत्राची खटपट टळते. म्हणून शहरातलं कॉलेज निवडतानाच, घराजवळ त्याच विद्यापीठाचं आणि त्याच मुख्य विषयाचं दुसरं कॉलेज कुठलं आहे, हे यादीत शेजारी लिहून ठेवा.